देवीच्या परडीतल्या गोळ्या

"आली! आई आली!"

मसाजीबाबाच्या मठापुढे गर्दी उसळली. मधोमध माझ्या शाळेतली संगिता झोकांड्या खात होती. बुबुळं इकडून तिकडे थरथरत होती, जीभ जड झाली होती. बाया तिच्या पाया पडून राहिल्या होत्या.

हिंगोली तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. सेनगावच्या बाजूला एका तांड्यावर मी शिकवत होते. आता गुडघे बोलतात, पोरींनो, पण तो गुरुवार अजून डोळ्यांपुढे आहे.

"पोरीच्या डोळ्यांत आई नाचून राहिली!" बाबा गरजला. "डॉक्टरची गोळी म्हणजे विष. ते आईच्या परडीत वाहा, आई पचवते. तुमी फक्त अंगारा घ्या!"

अंगाऱ्यात हळदीचा भंडारा कालवलेला असे. फिट येणारी माणसं लांबून येत, गोळ्या परडीत टाकत आणि अंगारा नेत. आणि खरंच त्यांची फिट थांबे! माझी पंचाईत तीच होती. खोटं असतं तर लगेच उघडं पडलं असतं.

मग बाबानं जाहीर केलं, "आईनं ही पोरगी मागितली. अमावस्येला मठात आणून सोडा. कायमची."

संगिताचा बाप थावरा मान खाली घालून उभा राहिला. आई पारुबाई मात्र संध्याकाळी माझ्या दारात आली.

"बाई, माझं लेकरू काहून देऊ? पण न्हाई म्हटलं अन् फिट परत आली तर?"

"तिच्या गोळ्या बंद केल्यास का?"

ती पदराशी खेळत राहिली. "थोड्या परडीत वाहिल्या. थोड्या ज्वारीच्या कणगीत लपवल्या. त्या रोज देते. अंगाराबी देते. आई नाराज नको, डॉक्टरीणबाईबी नको."

दुसऱ्या दिवशी जीपनं आम्ही हिंगोली गाठली. संगिताला फिटच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टर राजनंदिनीनं तिचे डोळे पाहिले, तिला सरळ रेषेत चालवून पाहिलं, रक्त काढून नांदेडला पाठवलं. उत्तर आलं तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. तिनं भुवया चढवल्या.

"पारुबाई, रक्तात औषध फार जास्त आहे. दुप्पट गोळ्या देता का?"

"लेकराची आण! तुमी सांगितल्या तेवढ्याच."

"मग ऐका. तळाला बारीक छिद्र असलेला रांजण समजा. रोज जेवढं ओतता तेवढं झिरपतं, पाणी एका पातळीला राहतं. गोळी म्हणजे पाणी, अन् छिद्र म्हणजे आपलं यकृत. ही गोळी यकृत रोज ठरावीकच पचवू शकतं. थोडी जास्त झाली की रांजण भरत जातो. मग डोळे थरथरतात, तोल जातो. ही देवी नाही, गोळी आहे."

"पण जास्तीचं ओततंय कोण?" पारुबाईनं विचारलं.

मी म्हणाले, "परडीतल्या गोळ्या जातात कुठं?"

डॉक्टरच्या ध्यानात आलं, ती हसायलाच लागली. तिनं संगिताचा अंगारा बंद केला, गोळ्यांचं माप नव्यानं लावून दिलं आणि पारुबाईच्या ओंजळीत पिवळ्या गोळ्या ओतल्या. "साधं जीवनसत्त्व आहे. अंगाला लागतं तेवढं ते घेतं, उरलेलं लघवीवाटे टाकतं. या परडीत वाहा अन् गंमत बघा."

पारुबाईनं वाहिल्या. "नवं विष!" म्हणत बाबानं परडी आत नेली. पुढच्या गुरुवारी नेहमीसारखा अंगारा वाटला.

शुक्रवारी सकाळी परडीत गोळ्या वाहणारा तांड्यावरचा वसराम शाळेच्या दारात. "बाई, पोरं बाहेर पाठवा. खासगी आहे."

"काय झालं?"

"माझी... ते... पिवळी जर्द! भंडाऱ्यावानी!"

त्याच्या मागून अख्खा तांडा तीच तक्रार घेऊन आला. सगळी वरात मठावर गेली. मी डॉक्टरला निरोप धाडला होताच, तीही पोचली.

"रोग बाहेर पडून राहिला!" बाबा म्हणाला.

"या बाबूसिंगला तर कधी शिंकसुद्धा येत नाही," मी म्हणाले. "तो नुसता प्रसाद म्हणून अंगारा खातो."

"माझीबी पिवळीच!" बाबूसिंग ओरडला. गर्दी खिदळली.

"अन् संगिताची? तिला रोग आहे, पण तिनं अंगारा घेतलेला नाही."

"रोजच्यासारखी," पारुबाई ठणकावून म्हणाली.

डॉक्टरनं मग पिवळ्या गोळ्यांची हकिकत सांगितली. बाबा परडी पोटाशी धरून शाप देऊ लागला. एवढे दिवस मान खाली घातलेला थावरा उठला, आतल्या खोलीत गेला आणि खलबत्ता घेऊन बाहेर आला. तळाशी पिवळा चिकटा, सोबत गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची पिशवी.

वसरामनं आ वासला. "म्हंजे माझ्याच गोळ्या कुटून मलाच?"

"अन् वर नारळ घेतला!" मागून कुणीतरी बोललं.

बाबा दुपारच्या एसटीनं गेला. डॉक्टर मात्र तिथंच बसून सगळ्यांना बजावत होती, "अंगाऱ्यातून गोळी पोटात जात होती, ती एकाएकी बंद करू नका. उद्या दवाखान्यात या, माप ठरवू."

अमावस्येला संगिता स्वतःच्या घरी होती. दुसऱ्या दिवशी शेताच्या अरुंद बांधावरून ती डोक्यावर पाण्याची घागर घेऊन आली. एक थेंब सांडला नाही. पारुबाई मागून बघत होती आणि डोळे पुसत होती.

बाबाच्या अंगाऱ्यात गुण होता, पण तो कारखान्यात तयार झालेला. चिमटीला माप नसतं, शरीराला मात्र असतं. म्हणून पोरींनो, लेकरू झोकांड्या खायला लागलं तर पाया पडू नका. त्याला उचला आणि दवाखान्यात नेऊन रक्त तपासून घ्या.