बदाम तिच्याकडं

मी माईक बोलतोय. आजवर दुसऱ्यांचंच बोलणं पुढं ढकलत आलो, आज माझं ऐका. आणि ऐकताना माझ्या डोक्यावर बोटानं टकटक करायची नाही. ज्यानं केली त्याचं काय झालं, तेच सांगायला बसलोय.

मी मोठ्या घरचा नाही. आमच्यातले महागडे असतात, त्यांना मधे वेगळी पेटी लागते, वेगळी वायर लागते, नखरे विचारू नका. मी यूएसबीवाला. वायर कॉम्प्युटरमधे खुपसा आणि बोला. बस्स. कारखान्यात एका लांब टेबलावर एका बाईनं माझ्या पोटात पातळ चकती बसवली. काम करताना ती तोंडातल्या तोंडात गाणं म्हणत होती. मी ऐकलेला पहिला आवाज तो. मग माझ्या अंगावर, समोरून, एक छोटं चित्र छापलं. पत्त्यातल्या बदामासारखं. ती नक्षी नाही. त्याचा अर्थ, मी या बाजूनं ऐकतो, इकडं तोंड करून बोला. माझ्या पाठीमागं बोललात तर मी बहिरा. पाठीमागं बोलणाऱ्याचं तुम्ही तरी ऐकून घेता का?

दुकानाच्या फळीवर बरेच दिवस धूळ खाल्ली. मग एक नवरा-बायको आले. नवरा भाजीबाजारात लिलाव पुकारायचा. बाजारात त्याला भोंगा म्हणायचे आणि त्या गड्याला ते कौतुक वाटायचं.

माईक हवा होता बायकोला. तिच्या सासूची नजर गेलेली. डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर येईपर्यंत ही सासूला गोष्ट वाचून दाखवत होती, ती शेजारी बसलेल्या एका मॅडमनं ऐकली. मॅडम आंधळ्या माणसांसाठी बोलकी पुस्तकं करणाऱ्या संस्थेतल्या. म्हणाल्या, घरीच एक गोष्ट वाचून पाठवा, आवडली तर पुस्तकं देत जाऊ, घरबसल्या काम. त्या बाईला ते काम पाहिजे होतं. तोंडानं कुणाला सांगितलं नाही तिनं. पण दुकानात मला हातात घेतलं, ते परत फळीवर ठेवलंच नाही.

"हा नको," भोंगा म्हणाला. "तो बघ, जाडजूड. दिवे पण आहेत."

दुकानदार म्हणाला, "दादा, तो चांगलाच आहे, पण भिंतीवरची पाल बोलली तरी ऐकतो. घरात आवाज असतो का?"

"खाली वेल्डिंगचं दुकान आहे," बायको म्हणाली. "आणि हे असतात."

"मग वहिनी, हाच घ्या. स्वस्त आहे, पण समोरचं तेवढं ऐकतो, बाकीच्याकडं लक्ष देत नाही."

"जरा लावून ऐकायला मिळेल का?" तिनं विचारलं.

"माईक काय कलिंगड आहे, वाजवून घ्यायला?" भोंगा म्हणाला. "द्या बांधून. डबा तो डबा."

डबा. पहिला शब्द हा बोलला मला. मी लक्षात ठेवला.

घरी आल्यावर माझ्या खोक्यातला माहितीचा कागद त्यानं फाडून टाकला. "कागद वाचायची हौस असती तर शाळेत टिकलो नसतो?" मग म्हणाला, "वाचणार मी."

म्हातारी कॉटवरून म्हणाली, "अरे, त्यांनी तिला बोलावलंय. तुला कुणी विचारलंय?"

"आई, हिचा आवाज दाराबाहेर जात नाही. मी बोललो तर चार गल्ल्या जाग्या होतात."

"गोष्ट सांगायचीय का चोर धरायचाय?"

फाडलेला कागद बायकोनं कचऱ्यातून काढला, तुकडे ओट्यावर जुळवले आणि पीठ मळता मळता वाचला. मी टेबलावरून बघत होतो.

मग भोंगा माझ्या मागं लागला. "हॅलो हॅलो" करत टकटक, टकटक. तोंडात फू फू. माझी जाळी थुंकीनं भिजली. स्टँड सैल म्हणून मानगूट धरून हलवला. "स्वस्तातला माल, हाणल्याशिवाय चालायचा नाही." हाणला पण. तुमच्या टाळक्यात कुणी असं हाणलं तर तुम्ही काय कराल? मला हात नाहीत. हत्यार म्हणून माझ्याकडं फक्त कान आहे. मी ठरवलं, बच्चमजी, याच कानानं तुला जमिनीवर आणतो.

आणि पठ्ठ्यानं संधी स्वतःच्या हातानं दिली. माझ्यावरचं चित्र बघून हसला.

"हा बदाम कशाला काढलाय? प्रेमपत्रं लिहायची आहेत का?"

बायको म्हणाली, "अहो, त्या बदामाचं असं आहे की..."

"तू गप. मला शिकवू नकोस. बदाम तुझ्याकडं असू दे, तुला शोभतो." असं म्हणून त्यानं मला फिरवला. माझी पाठ त्याच्याकडं, तोंड तिच्याकडं.

तिनं एकदा बदामाकडं बघितलं. एकदा नवऱ्याकडं. आणि गप बसली. गप म्हणालाच होता ना? माझं तिच्याशी जमलं ते तिथंच.

आता गंमत ऐका. भोंग्याला जोडाक्षरं आली की दातखीळ बसायची. म्हणून ठरलं असं, की पुस्तक तिनं धरायचं, ती हळू आवाजात एक वाक्य सांगणार, मग हा ते ठणकावून म्हणणार. गोष्ट एका म्हाताऱ्या नावाड्याची होती. ती सांगायची, "नावाड्यानं वल्हं पाण्यात घातलं आणि पलीकडचा किनारा त्याला ओळखीचा वाटला नाही." असं सांगायची की मला पाणी ऐकू यायचं. कारखान्यातली ती बाई आठवली मला. आणि पाठीमागून हा, "नावाड्यानं वल्लं! पाण्यात! घातलं!" मी पाठ घट्ट केली. वेल्डिंग गाळलं, पंखा गाळला, भोंगा जमेल तितका गाळला. पलंगाखाली कुणी कोंडून ठेवलेला माणूस ओरडावा, एवढाच त्याचा आवाज घेतला. तिचा मात्र श्वाससुद्धा सांडू दिला नाही. शेवटच्या वाक्याला तर सवयीनं त्याच्या तोंडून "एक वार, दोन वार" निघालं. म्हातारी म्हणाली, "नाव विकलीस का रे?"

"पाठव," भोंगा घाम पुसत म्हणाला.

"एकदा ऐकून बघता का तुम्ही?"

"बाजारात मी माझा आवाज परत ऐकतो का? पाठव म्हटलं की पाठव."

तिनं पाठवलं. मी मनात म्हटलं, जा.

मॅडमचा फोन आला तेव्हा सगळे जेवत होते. भोंग्यानं ऐटीत फोन स्पीकरवर टाकला, म्हातारीलाही कळावं म्हणून.

"ताई, आवाज फार आवडला आमच्या सगळ्यांना," मॅडम म्हणाल्या. "पुस्तक तुम्हालाच द्यायचं ठरलंय. फक्त एक अडचण आहे. मागं कुणीतरी माणूस तुमचं प्रत्येक वाक्य परत ओरडतोय. शेजारी लिलाव वगैरे चालतो का? वाचताना त्यांना जरा बाहेर बसवता आलं तर बघा."

म्हातारीला हसताना ठसका लागला. बायकोनं खाली मान घालून तिला पाणी दिलं, पण तिचे खांदे हलत होते. भोंगा ताटावरून उठला, मला उचलला आणि भिंतीवर फेकला. जाळीला पोचा पडला. अजून आहे, बघा. लागलं मला, खोटं कशाला सांगू? पण त्याच्या तोंडाचा रंग बघून वसूल झालं.

म्हातारी हसायची थांबली. "ज्या हातानं फेकलास त्याच हातानं उचल," म्हणाली. "तो तिच्या कामाचा आहे. तुझ्या बापाचा नाही."

उचलला. मुकाट्यानं.

आता मी कपाटात राहतो. कपाटाची दारं उघडी टाकून ती मला साड्यांपुढं ठेवते, म्हणजे आवाज घुमत नाही. खाली वेल्डिंगवाला दुपारी झोपतो तेव्हा ती वाचते. भोंगा बाहेर पायरीवर बसतो. पंखा बंद, चप्पल हातात, चार गल्ल्या जाग्या करणारा माणूस कुजबुजत फोनवर बोलतो. मला बरं वाटतं. रोज बरं वाटतं.

माझ्या डोक्यावर एक बटण आहे. हिरवा दिवा असला की मी ऐकलेलं पुढं जातं. लाल असला की माझ्यापाशीच राहतं. वाचून झालं की ती बटण दाबून लाल करते आणि उठते.

परवा ती सासूला घेऊन दवाखान्यात गेली होती. भोंगा आत आला. दार लावलं. कॉम्प्युटरवर ती करते तसं काहीतरी दाबलं. मला हळूच फिरवला, बदाम स्वतःकडं. शिकला म्हणायचा. टकटक नाही, फू फू नाही. लाल दिवा बघून मान हलवली. लाल म्हणजे चालू, असं वाटलं त्याला. कागद कुणी फाडला होता?

"अगं," म्हणाला. एवढा हळू आवाज त्याच्याकडं आहे हे मला माहीत नव्हतं. "हे ऐकशील तेव्हा मी बाजारात असेन. समोर मला जमत नाही. तू वाचतेस ना, मी पायरीवर बसून ऐकतो. फोनवर कुणी नसतं. त्या नावाड्याची गोष्ट मी नुसती ओरडलो होतो, तू परत वाचलीस तेव्हा पायरीवर कळली. त्या दिवशी तुला गप म्हणालो. तू गप बसू नकोस. एवढंच." मग सवयीनं "तीन वार" म्हणून स्वतःच ओशाळला.

सगळं माझ्यापाशी आहे. एक अक्षर पुढं गेलं नाही.

तेव्हापासून तो जेवताना चोरून तिचं तोंड बघतो. ऐकलं का, ऐकलं का. ती विचारते, "काय हो, मीठ कमी आहे का?" तो मान खाली घालतो. मला कीव येत नाही. पोच्यावर हात ठेवून सांगितलं असतं, पण हात नाहीत.

अरे भोंग्या, बदामाची बाजू माझ्या अंगावर आहे. तुझ्या बायकोला पुढची-मागची बाजू नाही. पाठमोरी उभी असली तरी ती ऐकते, इतकी वर्षं ऐकतच आलीय. जा, ओट्यापाशी उभी आहे. तोंड उघड आणि सांग. मी सांगणार नाही. डबा म्हणाला होतास ना मला?