पंचाची पापणी

या पैजेत उमाला मिळणार होता महिनाभर पहाटेचा चहा, तोही नवऱ्याच्या हातचा. श्रीनिवासची चिकलठाण्यातल्या कारखान्यात पहिली पाळी असायची, म्हणून ती रोज अंधारात उठायची. भुतांचे सिनेमे ती एकही सोडत नसे. पण एका गाजलेल्या भूतपटात विहिरीच्या प्रसंगाला तिनं डोळे मिटले होते, आणि श्रीनिवास ते वर्षभर पाहुण्यांना रंगवून सांगत होता.

त्या सिनेमाचा दुसरा भाग लागला तशी ती म्हणाली, "अहो, यंदा डोळे मिटले नाहीत तर चहा तुमच्याकडं."

"आणि मिटले तर भुतांचं नाव काढायचं नाय."

दुपारच्या खेळाला श्रीनिवास पंच म्हणून तिच्याकडंच तोंड करून बसला. विहीर आली. संगीत थांबलं की पुढं काय येतं, हे उमाला पाठ होतं. तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले आणि डोळे ताणून बघत राहिली. मागं कुणीतरी किंचाळलं. श्रीनिवासनं तिचं मनगट पकडलं.

"काय आलं गं?"

"इकडं बघा. पंच आहात तुम्ही."

उमा जिंकली. दुसऱ्या पहाटे श्रीनिवास स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन परतला. न पाहिलेलं भूत त्याच्या कानांत बसलं होतं.

"उमा, नुसती येऊन उभी राहा ना."

आतल्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "दोघं उठलाच आहात, तर माझाही कप टाका."

महिनाभर चहा त्यानं केला, झोप उमाची गेली, आणि अंथरुणात आयता कप मिळाला पैज न लावलेल्या सासूबाईंना.