सगुणाचं वैराग्य

या, अंमळ पुढं सरका. चटईवर जागा आहे. लांब भिंतीला टेकून ऐकायची ही गोष्ट नव्हे. आज पुराणातलं आख्यान नाही, पेडण्यातल्या हळर्ण गावच्या एका घरची हकिगत सांगतो. ऐकताना आपल्याच घरातला एखादा चेहरा डोळ्यांपुढं आला, तर गोष्ट अर्धी टाकून खुशाल उठा. राग नाही.

हळर्णात सगुण नावाचा कुळागरवाला होता. माडा-पोफळींत राबायचा, आणि देवळात कीर्तन असलं की पेटीला बसायचा. तबल्याला त्याचा बालमित्र कृष्णनाथ. बुवांचा विनोद पुरा व्हायच्या आधीच सगुण भाता सोडून मांडीवर थाप मारायचा, नि भैरवीला डोळे पुसणाराही तोच पहिला.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीनंतर हा सगुण बदलला. बोलणं आटलं. लोक म्हणाले, मौन धरलंय. ताटातली मासळी सुटली. आमच्या मुलखातल्या माणसानं मासळी सोडावी, याहून मोठा त्याग कोणता? पहाटे तीनला तो अंगणात फेऱ्या घालू लागला. म्हणाले, ब्रह्ममुहूर्त साधतो. मग एक दिवस स्वतःची पेटी डोक्यावर घेऊन तो कृष्णनाथाच्या दारात आला. "तुका र्‍हवांदी," तुझ्याकडे राहू दे, एवढंच बोलला नि परतला.

कृष्णनाथाचा ऊर भरून आला. आपला सगुण विरक्त झाला हो, असं गावभर सांगत सुटला तो हाच. वर्षभरात बायका आपली पोरं सगुणाच्या पायांवर घालू लागल्या.

एकटी त्याची बायको, प्रभावती, कृष्णनाथाला गाठून म्हणाली होती, "भावोजी, ह्यो उपास न्हय. ह्यांका जेवाण गोड लागना नाय. रातभर छपराकडे बघत पडतत. माका भय दिसता."

"वहिनी, तुमचा भाग्य मोठा!" कृष्णनाथ हसला. "असो नवरो कोणाक गावता?"

ती कळशी कमरेवर घेऊन गेली.

पुढं रामनवमी आली. भर दुपारी जन्माचं कीर्तन. सगुणाला मानानं पहिल्या रांगेत बसवलेलं, गळ्यात हार. पायसाच्या वाटणीवरून दशरथाच्या आचाऱ्यांची जुंपते, असं काही बुवांनी रंगवलं आणि मंडप खदखदला. खांबाला टेकलेला सखाराम ठार बहिरा, तोही इतरांचं बघून हसला. सगुणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग पाळणा झाला, माणसांचे डोळे पाझरले. सगुण आपल्या पायाच्या नखाकडे बघत होता.

कृष्णनाथानं जन्मभर कीर्तनं ऐकलेली. ज्याचं मन संसारातून उठतं, ते देवापाशी जाऊन बसतं. नाम ऐकलं की उचंबळतं. या माणसाचं मन कुठंच जाऊन बसलेलं नव्हतं. कृष्णनाथाचा हात चुकला, सम गेली. बुवांनी मागं वळून पाहिलं.

प्रसादाची गर्दी टाळून कृष्णनाथानं सगुणाला देवळालगत पाहुण्यांसाठी असलेल्या अग्रशाळेच्या ओसरीवर नेलं. "सगुणा, कीर्तन कसा झाला?"

"आयकाक येता रे. भितर काय पोचना नाय."

"कधीपासून?"

"आता याद नाय."

कृष्णनाथानं विचारलंच. "जीव नको झालो काय तुका? मरूचा मनात येता?"

सगुणानं त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू फार दिवसांनी कुणी त्याच्या भाषेत बोललं. "मगे पेटी तुका कशाक दिलंय?"

देवाचं नाव घे, सगळं बरं होईल, हे कृष्णनाथाच्या ओठांवर आलेलं, ते त्यानं गिळलं. फक्त सगुणाचं मनगट धरलं. प्रभावतीला बोलावणं गेलं, ती धावत आली, अडीचची म्हापशाची बस मिळाली. तोवर आणि त्यानंतर मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंच्या दारापर्यंत त्यानं ते मनगट सोडलं नाही. बाई म्हणाल्या, "हा आजार आहे, याला औषध आहे. पण दिवस लागतील. याला समजावत बसू नका, याच्याजवळ बसा. एकटा सोडू नका."

गावात बोभाटा झाला. "देवमाणसाक डोक्याच्या डॉक्टराकडे व्हरतत! त्या बायलेक अक्कल नाय." पाया पडणारी माणसं वाट बदलून जाऊ लागली. घरात उरली तिघं. कृष्णनाथ रोज यायचा, सुपाऱ्या सोलत बसायचा. कधी सगुण दोन शब्द बोले, कधी आठ-आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडे.

सगुण जगला. पण पुरता परतला असं म्हणवत नाही. पहिलं हसणं काही आलं नाही.

एका संध्याकाळी कृष्णनाथ म्हणाला, "वहिनी, माका क्षमा करा. तुम्ही सांगितलास, मिया हसलंय."

प्रभावती तांदूळ निवडत होती. "वर्सभर च्या करून दिलंय सगळ्यांका," ती म्हणाली. "ह्यांचे पाय धरूक आले, फुला घालूक आले. एकान तरी इचारल्यान, गे प्रभावती, तू जेवलंस काय?"

 कृष्णनाथ तिच्यासमोर बसला नि सुपातले खडे वेचू लागला.

तर मायबाप, आज दिवेलागणीला देवापुढं हात जोडाल, तेव्हा सगुणासाठी मागाच. पण त्याआधी, गर्दीच्या घरात एकटी पडलेल्या त्या प्रभावतीची एकदा आठवण काढा.