एर्लेनब्रोकांची तुळई

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्मुटचं लग्न होतं आणि नवरदेव कोणतं आडनाव लावणार हे अजून ठरलं नव्हतं.

आम्ही शेजारी एर्लेनब्रोकांच्या अंगणात हिरव्या फांद्यांचं तोरण बांधत होतो. जर्मनीतल्या या म्युन्स्टरलांडात हे काम शेजाऱ्यांचंच. आमच्याकडे आडनाव मूळचं शेताचं. दलदलीतल्या एर्लेच्या झाडांवरून हे शेत एर्लेनब्रोक झालं, आणि लग्न करून जो इथे नांदायला आला तोही एर्लेनब्रोक झाला. प्रत्येक जोडप्याचं नाव गोठ्याच्या मोठ्या दारावरच्या तुळईत कोरलेलं आहे. आता कायद्याची सक्ती नाही. अल्मुट एकुलती एक. दोघांनाही घरात एकच आडनाव हवं होतं. नवरदेव माल्टे तिचं आडनाव लावायला तयार होता, पण वडिलांचं मन मोडून नाही.

त्याचे वडील, गेरहार्ड टेबेन, शिडीपाशी हाताची घडी घालून उभे होते.

"माझा एकच मुलगा. तो तुमच्या गायींच्या नावावर करू?"

"गायी निदान कुरकुर करत नाहीत, व्याहीबुवा," अल्मुटचे वडील क्लेमेन्स म्हणाले. त्यांनी तुळईवर नव्या जोडप्याची नावं खडूने आखून ठेवली होती. पटाशी मात्र खिशातच होती.

"बाबा, तुम्ही गप्प बसा," अल्मुट म्हणाली. तिचे डोळे त्या खडूच्या अक्षरांवर होते. टेबेन नाही म्हणाले, तर ती पुसायची होती आणि तुळईवरची रांग तिच्या आईवडिलांपाशी संपायची होती.

तेवढ्यात लोरेटाबाई आल्या. वय पंचाहत्तर, अमेरिकेतल्या मिसूरीच्या, आडनाव एर्लेनब्रोक. बोलायच्या आमच्या पणज्यांच्या बोलीत. कालपासून क्लेमेन्सना मिठ्या मारून "आपलं रक्त, आपलं रक्त" चाललं होतं.

"आमचा मूळपुरुष बेर्न्ड कुठेय? जहाजाने गेलेला?"

क्लेमेन्सनी वर बोट दाखवलं. बाईंनी चष्मा सावरून वाचलं, "१८३८. बेर्न्ड एर्लेनब्रोक, जन्माचा लोहाउस. पत्नी आना." त्या थांबल्या. "जन्माचा लोहाउस?"

"आनाचा पहिला नवरा इथला. तो वारला, मुलगा लहान होता. शेत चालवायला बेर्न्ड आला, आनाशी लग्न केलं, शेताचं नाव घेतलं. सावत्र मुलगा हाताशी आल्यावर शेत त्याला दिलं आणि आनाला नि स्वतःच्या पोरांना घेऊन अमेरिकेला गेला."

"आणि आना?"

"तीही परगावची."

"म्हणजे माझ्यात एर्लेनब्रोकांचं रक्त..."

"थेंबभरही नाही, बाई."

"आणि मी काल यांना सॅलडचा दुप्पट वाटा दिला!" शेजारची हिल्के म्हणाली.

लोरेटाबाई सगळ्यांत जास्त हसल्या. मग शिडीच्या दोन पायऱ्या चढून 'लोहाउस'वरून बोट फिरवू लागल्या. अक्षरं अजून बोटाला लागत होती.

"हे नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. आमच्याकडच्या थडग्यावरही नाही. इथे मात्र राहिलंय." त्यांनी फोन काढला. "आमच्या घरच्या दोनशे जणांना कळवते."

"दोनशे?" टेबेननी विचारलं.

"तान्ही पोरं सोडून."

बाई उतरल्यावर टेबेन स्वतः शिडी चढले आणि नव्या नावांसमोर थांबले. 'माल्टे एर्लेनब्रोक' वीतभर उंचीचं होतं. खाली, कोपऱ्यात, 'जन्माचा टेबेन'.

"हे मुंगीने लिहिलंय का?"

"जागा कमी होती," क्लेमेन्स म्हणाले.

"जागा करा." त्यांनी अंगठा थुंकीने ओला केला. अल्मुटने माल्टेचा दंड धरला. अंगठा फक्त खालच्या ओळीवरून फिरला. "खडू द्या. उद्या मिसूरीहून कुणी आलं तर चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे."

"म्हणजे हो?" अल्मुटने विचारलं.

"अगं, शिडी धर आधी, सूनबाई!"

अंगणात एकच आरडाओरडा झाला. कॉर्नची, म्हणजे धान्याच्या दारूची, बाटली तोरणाआधीच संपली. क्लेमेन्सनी पटाशी काढली, पण टेबेननी ती हातातून घेतली आणि 'टेबेन' स्वतः कोरलं. त्या तुळईवर इतकं खोल दुसरं एकही नाव नाही.