शेवटी आत येणारे मुकादम

या, असे जरा पुढे सरकून बसा. भिंतीला टेकलात तर डुलकी लागेल, आणि आजची गोष्ट डुलकी काढण्याजोगी नाही. तिच्यात बंदुका आहेत, बंद खोल्या आहेत आणि एक सासरे आहेत. बंदुका खोट्या आहेत, घाबरू नका. सासरे मात्र देवाच्या दयेने अगदी खरे.

शीतगृहात मुकादम होते ते. एकतीस वर्षं त्यांनी वाटाण्याच्या आणि सफरचंदांच्या थंड खोल्या सांभाळल्या. थंड खोलीचा धर्म एकच: आत शिरलात की हात मागे न्या आणि दार लावा. दार उघडं राहिलं की गारवा पळतो, आणि गारवा पळाला की माल गेला. हा धर्म त्यांच्या अंगात इतका मुरला होता की पाहुणे म्हणून गेले, तरी मागून येणाऱ्या यजमानाच्या तोंडावर त्याच्याच घराचं दार लावत.

लेक लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. फोनवर बापलेकीचं बोलणं ‘जेवलात का’ आणि ‘जेवलो’ यापुढे सरकेना. मग जावयाने एक युक्ती काढली. संगणकावर चौघांच्या तुकडीचा एक खेळ होता. शत्रू लपलेल्या इमारतीत शिरायचं आणि एकेक खोली ताब्यात घ्यायची. लेक कप्तान, तिच्या हाताखाली जावई, लेकीची नणंद आणि चौथे मुकादम. दर रविवारी दुपारी चौघे आपापल्या घरी हेडफोन चढवून बसत. त्या तासाभरात बापलेक आठवड्याचं सगळं बोलून घेत. “डावा कोपरा बघा बाबा, आणि गुडघ्याला तेल लावता ना?” असं एका दमात चालायचं.

खोलीत शिरण्याची रीत लेकीने त्यांना नीट समजावली होती. दारात घुटमळायचं नाही, कारण आतल्या सगळ्यांचा नेम दारावरच असतो. पहिल्याने शिरून डावा कोपरा घ्यायचा, दुसऱ्याने उजवा, तिसऱ्याने मधली जागा बघायची, चौथ्याने पाठ राखायची. दुसऱ्याच्या कोपऱ्यात डोकावायचं नाही, नाहीतर आपला उघडा पडतो. मुकादमांना सगळं तोंडपाठ. हट्टाने तेच पहिले शिरत, डावा कोपरा बिनचूक बघत, आणि तेवढ्यात त्यांचं बोट आपसूक बटणावर जाऊन दार लावून मोकळं होई. मुकादम एकटे आत, तिघे बाहेर. पुढे काय व्हायचं ते सांगायला नको.

सहा रविवार हेच झालं. नणंद दातांच्या दवाखान्यात कामाला. तिचं बोलणंही चिमट्यासारखं. “काका, शत्रूला सर्दी होईल म्हणून दार लावता का?” असं तिने एकदा फार काळजीने विचारलं.

पुढच्या, म्हणजे सातव्या रविवारी दुसऱ्या एका तुकडीशी सामना ठरला होता. नणंद म्हणाली, काकांना विश्रांती देऊ, आमच्या दवाखान्यातली एक जण छान खेळते. लेक हळूच म्हणाली की हा एक सामना बाबांसोबत खेळून बघू, नाहीच जमलं तर बदलू. मुकादमांनी हिशेब केला: जागा गेली म्हणजे रविवारचा तास गेला, आणि पुन्हा आपलं ‘जेवलात का’.

त्यांनी आठवडाभर सराव केला. दाराच्या बटणावर चिकटपट्टी लावून पाहिली, पण दार उघडायचं बटणही तेच निघालं. मग लाटणं हातात धरून स्वयंपाकघरात शिरायचा सराव सुरू झाला. चौथ्यांदा त्यांनी बायकोला बाहेर ठेवून दार लावलं, तेव्हा तिने दार ढकललं, लाटणं काढून घेतलं आणि विचारलं, “शीतगृहात तुम्ही हमालांच्या आधी आत शिरायचात?”

“छे. मी शेवटी. सगळे आत गेले, डोकी मोजली, की मग मी. आणि दार लावायचं.”

“मग इथेच का पुढे पुढे करता?”

मुकादम दाराची कडी तपासू लागले. खरं कारण असं की पहिली गोळी आपल्याला लागावी, लेकीला नको. गोळी खोटी, हे त्यांना कळत होतं. काळजाला कोण समजावणार? बायकोने पोळपाट पुढे ओढला.

“पोर कप्तान आहे आता. जाऊ द्या तिला पुढे.”

रविवारी सामना बरोबरीत आला आणि शेवटची खोली उरली. समोरचे दोघे आत दडलेले, दोघे इमारतीत कुठेतरी फिरत होते. दारापाशी मुकादम म्हणाले, “बेटा, मला शेवटी ठेव.”

लेक “बरं” म्हणाली आणि शिरली. डावा कोपरा तिचा. नणंद उजवीकडे, जावई मध्ये. मुकादमांनी मनात डोकी मोजली, एक, दोन, तीन. आत आले आणि दार लावलं. नणंदेने कपाळावर हात मारल्याचा आवाज सर्वांनी ऐकला.

तिघांनी आतल्या दोघांना लोळवलं, आणि तेवढ्यात मागे दार करकरलं. उरलेले दोघे पाठीवर येत होते. उघड्या दारातून ते मांजराच्या पावलांनी आले असते; आता त्यांना दार उघडावं लागलं. आणि दाराचं पान कुठे फिरतं, त्यामागे माणूस मावतो की नाही, हे एकतीस वर्षं दारं लावलेल्याला कुणी शिकवायचं? मुकादम त्या पानाआड चिकटून उभे होते. दोघांना पुढे जाऊ दिलं, आणि दोन गोळ्यांत खोली शांत केली.

आधी नणंदच बोलली, “काका, दार लावलंत ते बरं केलंत. फार वारं येत होतं.”

लेक हसता हसता म्हणाली, “बाबा, पुढच्या रविवारी याच वेळी. शेवटची जागा तुमची.” आणि मग सवयीने, “जेवलात का?”

मुकादमांनी दहा मिनिटं उत्तर दिलं. भाजीत मीठ जास्त पडलं होतं इथपासून सुरुवात केली आणि लाटण्यापर्यंत आले.

तर मंडळी, गोष्ट झाली. आता उठाल, घरी जाल. तुमच्या घरीही कुणीतरी असेल, सगळे आत आले का ते मोजून शेवटी दार लावणारं. आज उंबरा ओलांडताना तेवढी त्या माणसाची आठवण ठेवा.