पिंपाच्या तळचा नमुना

रत्नप्रभा आत्याला जिथं राहायला पाठवायचं होतं, त्या जागेला सुचेताने शंभरपैकी एक्काहत्तर गुण दिले होते. पास व्हायला सत्तर लागत होते. हे सत्तरही तिनेच ठरवले होते.

तक्ता आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने आखलेला होता. डॉक्टर किती मिनिटांत येतो, न्हाणीघरात धरायला दांडी आहे का, भाजीत मीठ कमी करून मिळतं का, अशा एकवीस ओळी. प्रत्येक ओळीपुढे भार: गोष्ट महत्त्वाची असेल तर पाच, किरकोळ असेल तर एक. शेवटी भाराच्या हिशेबाने सगळी बेरीज शंभरावर आणलेली. शहराच्या बाग सेवनिया भागात तिने तीन वृद्धनिवास पाहिले. दोन साठ गुणांच्या आसपासच अडकले. ‘प्रसन्न निवास’ तेवढं वर आलं.

पिपलानीच्या कारखाना-वसाहतीतला त्यांचा ब्लॉक पाडणार होते. जुलैअखेर क्वार्टर रिकामं करा, अशी नोटीस दारावर चिकटली होती. आणि एक ऑगस्टला सुचेताला पीएच.डी.साठी हैदराबादला हजर व्हायचं होतं. पाच वर्षं ती आत्याकडे राहून शिकली होती. तिचे आई-बाबा नागपूरला बोलावून थकले, पण आत्याचं एकच म्हणणं, “शहात्तराव्या वर्षी भावाच्या घरी पाहुणी व्हायला मला वेळ नाही.” तेव्हा आत्याची सोय लागली तरच सुचेता जाऊ शकणार होती.

म्हणूनच सतराव्या ओळीवर खोडरबर फिरला होता. ते अजून सुचेताखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

आत्याने तक्ता वाचला तो चष्मा पुसून, वरपासून खालपर्यंत. कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिने बत्तीस वर्षं ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासलं होतं. कागद चाळणं तिला जमतच नसे.

“कधी गेली होतीस?”

“रविवारी, अकराला. फोन करून.”

“म्हणजे नमुना त्यांनी काढून दिला.”

“आत्या, ते वृद्धनिवास आहे. तेलाचं पिंप नाही.”

“पिंपातला नमुना कुठून काढायचा?”

“तळातून,” सुचेता हरल्यासारखी म्हणाली. हे तिने या घरात शंभरदा ऐकलं होतं. पाणी तळाला बसतं, वरचं तेल सगळ्यांचंच चांगलं दिसतं.

“मग उद्या दुपारी तीनला जाऊ. फोन न करता.”

दुसऱ्या दिवशी फाटकाशी रिक्षा थांबली, तेव्हा व्यवस्थापक पटेरियाजी शर्टाची बटणं लावत बाहेर आले. “अरे माताजी! फ़ोन कर देतीं तो हम तैयार रहते।”

“इसीलिए नहीं किया,” आत्या म्हणाली.

पण तळातही फारसं पाणी सापडेना. व्हरांडा पुसलेला होता. उतारावर कठडा होता. औषधांच्या खणात प्रत्येकाच्या नावाची डबी होती आणि ती रिकामी नव्हती. सुचेताचा जीव भांड्यात पडत गेला. मनातल्या मनात तिने दोन ओळींचे गुण वाढवलेसुद्धा.

चार वाजता जेवणघरात चहा आला. सहा-सात म्हाताऱ्या माणसांत आत्याही बसली. चहा पिऊन झाला, तशी ती सवयीने उठली आणि कप घेऊन मोरीकडे निघाली. सुमन नावाची मदतनीस लगबगीने आडवी आली आणि तिने कप हातातून अलगद काढून घेतला.

“छोड़िए अम्मा। आपको यहाँ कुछ नहीं करना है।”

“मेरा कप है।”

“यहाँ तो रानी बनकर रहना है,” पटेरियाजी मागून कौतुकाने म्हणाले.

सुमनच्या आवाजात सगळी माया होती, तिरसटपणाचा लवलेश नव्हता. आत्या परत येऊन बसली. शेजारच्या खुर्चीवर ग्वाल्हेरच्या शाळेतून निवृत्त झालेल्या कुसुमताई होत्या. त्या हळूच मराठीत म्हणाल्या, “पहिला महिना मीही भांडले हो. आता सवय झाली. फक्त हात कुठं ठेवायचे ते अजून कळत नाही.”

त्यांचे हात मांडीवर होते, एकात एक घालून, एखादी वस्तू सांभाळावी तसे.

घरी येऊन आत्याने तक्ता उचलला, खिडकीशी नेला आणि उजेडात तिरका धरला.

“सतरावी ओळ. स्वतःचं काम स्वतः करायची मुभा. गुण शून्य. म्हणजे तुला ठाऊक होतं.”

“रविवारी एक आजी स्वतःचा चहा करायला आत गेल्या होत्या. त्यांना हात धरून परत आणून बसवलं.”

“शून्य बरोबर आहे. पण भार एक?”

सुचेताने तक्ता घ्यायला हात पुढे केला, पण आत्याने तो दिला नाही.

“इथं आधी पाच होता. पेन्सिल खोडली तरी दाब राहतो कागदावर.”

“हैदराबादचं पत्र आलं त्या दिवशी खोडला,” सुचेता म्हणाली. “पाच धरला तर पासष्ट होतात. मग कुठलीच जागा पास होत नाही, आत्या.”

“नमुन्याची काचेची बाटली मी कधी शिपायाला धुऊ दिली नाही. एक ओला थेंब राहिला तर तेलाचा आकडा बिघडतो, आणि दोष तेलाला लागतो. ते तुला माहीत होतं, म्हणून तर पाच लिहिलास.” आत्याचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागत होतं. “आकडा बदलायचा तर एक रेघ मारायची. खालचा दिसला पाहिजे. बाजूला सही, तारीख. खोडायचं नाही.”

“मी कळवून टाकते हैदराबादला, येत नाही म्हणून.”

“वा! म्हणजे जन्मभर लोकांना सांगायला मोकळी, आत्यापायी राहून गेलं. मला नको तो मान. लाव फोन त्या पटेरियाला.”

फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला गेला.

“एक महीना रहकर देखूँगी,” आत्या म्हणाली. “पर अपना कप ख़ुद धोऊँगी।”

“माताजी, फिसल गईं तो? घरवाले मुझे ही पकड़ेंगे।”

“घरवाले यहीं बैठे हैं। मोरी के आगे रबर की चटाई डलवाइए।”

पलीकडे पंख्याच्या घरघरीतून पटेरियाजी म्हणाले, “चलिए, एक कप।”

“दो। कुसुमजी का भी।”

“फिर तो सब माँगेंगे!”

“माँगने दीजिए।”

पटेरियाजींनी सुस्कारा सोडला, मग हसले. “सुमन से आप ही बात करना। मुझसे तो वो मानेगी नहीं।”

जूनची चौदा तारीख होती. महिना सरला तरी क्वार्टर पंधरा दिवस हातात उरणार होतं. सुचेताने बोटांवर मोजलं. मग तिने पेन्सिल बाजूला ठेवून पेन घेतलं. सतराव्या ओळीतल्या एकावर आडवी रेघ मारली, शेजारी पाच लिहिला, सही केली, तारीख घातली. खाली एक्काहत्तरवर तशीच रेघ. पासष्ट. सही. तारीख.

शून्यावरही रेघ मारून तिथं काही लिहावं म्हणून तिने पेन पुढे नेलं. आत्याने कागदावर पंजा ठेवला.

“तो आकडा मी भरणार. महिनाभर तळात राहून.”

“आणि शून्यच आला तर?”

“तर शून्य लिहीन, आणि पुढची जागा दोघी मिळून शोधू. तू कधी भेटायला येशील?”

“रविवारी. नाहीतर...” सुचेता थांबली. “नाही सांगणार.”

“शाबास,” आत्या म्हणाली आणि सकाळचे दोन कप धुवायला उठली. सुचेताने आपला कप तिच्या हातातून काढून घेतला.

“हा माझा आहे,” ती म्हणाली.