बुडबुडे न आलेला थेंब

मित्रांनो, मी एक जुनी तपकिरी काचेची बाटली आहे. अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत, फ्रिजच्या दारात मी राहते. पोटात हायड्रोजन पेरॉक्साइड, डोक्यावर रबरी ड्रॉपर. कारखान्यातलं काही आठवत नाही, आठवावंसं वाटतही नाही.

माझं काम एका थेंबाचं. कुणाच्या रक्तात गोल, रंगवल्यावर जांभळे दिसणारे जंतू सापडले की ते कोणत्या घराण्याचे, हे मी सांगते. काचपट्टीवर थोडे जंतू ठेवायचे आणि वर माझा थेंब टाकायचा. बुडबुडे आले तर स्टॅफ, नाही आले तर स्ट्रेप. पूर्वी सगळे वाकून बघायचे, माझं कौतुक व्हायचं. मग जंतूंची नावं सांगणारं मोठं यंत्र आलं आणि मला कुणी विचारेना. तेव्हा वाईट वाटलं असेल. आता काही वाटत नाही. इथे काम करणारी नागपूरची वैदेही मात्र रोज सकाळी ओळखीच्या जंतूंवर माझा थेंब टाकून मी अजून चालते का ते बघते. त्यावरून तिची थट्टाही होते.

या हिवाळ्यात यंत्र बंद पडलं आणि नेमके तेव्हाच एका तान्ह्या मुलीच्या रक्तात जंतू वाढले. पुण्याहून इथे कामाला आलेल्या गुरुनाथने मला बाहेर काढलं. बुडबुडे आले. पुढच्या चाचणीत ते जंतू मिसळूनही सशाचा रक्तद्रव गोठला नाही; घातक स्टॅफ तो गोठवतात. म्हणजे हे कातडीवरचे साधे स्टॅफ, सुई टोचताना मिसळलेले, असं त्याने वॉर्डात फोन करून सांगितलं. मग संध्याकाळपासून मुलीचं अँटिबायोटिक बंद करतो, असं डॉक्टर म्हणाले.

वैदेहीने जंतू वाढवलेली बशी उजेडात धरली. बशीतल्या लाल थरात मेंढीचं रक्त असतं. जंतू उचलले होते तिथे तो थर खरवडला गेला होता.

"गुरुनाथ, तुझ्या सॅम्पलमध्ये ब्लड आलंय. ब्लडलाही बबल्स येतात."

त्याचा चेहरा उतरला. तिने लाकडी काडीने फक्त वरचे वरचे जंतू टिपले. माझा थेंब पडला. काचपट्टीवर काहीच हललं नाही.

"ताई, पेरॉक्साइड एक्स्पायर झालं नसेल ना?"

"सकाळीच चेक केलंय. हे स्ट्रेप आहे. डोस स्टॉप करू नका म्हणून सांग त्यांना, आत्ता."

तान्ह्या बाळाच्या रक्तातलं स्ट्रेप जीव घेऊ शकतं. गुरुनाथने लगेच वॉर्डात फोन लावला. डोस वेळेवर गेला.

पुढे त्या मुलीचं रक्त पुन्हा तपासायला आलं, तेव्हा त्यात काहीच वाढलं नाही. तोवर यंत्र दुरुस्त झालं होतं आणि सगळे आपापल्या कामात होते. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

मित्रांनो, मला उद्या फेकून दिलंत तरी चालेल. पण ज्या उत्तरावर कुणाचं औषध थांबणार आहे, ते सांगण्याआधी पुन्हा एकदा तपासून बघा. ती मुलगी कशी दिसते, मला माहीत नाही. ती घरी गेली, एवढं वैदेही म्हणाली.